पाहुण्यांचा नळ

नळांच्या त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे, मालकसुद्धा. जोडलेला नळ त्यांच्या हाताखाली यायचा. त्या पाणी सोडत, बंद करत, कान लावत आणि मगच नळ खोक्यात जाई. बोलणं मात्र मोजकंच.

आता नळ परदेशी जाणार होते. तिकडचे खरेदीदार काम बघायला येणार, म्हणून मालकांना बाहेरून इंग्रजी बोलणारी माणसं घ्यायची होती. फोरमन अडून बसला.

"आपल्याच माणसांना शिकवून तर बघा."

"आणि तोंडघशी पडलो तर?"

"तर घ्या बाहेरची. मी चकार शब्द काढणार नाही."

फोरमननं शब्द दिला खरा, पण इंग्रजीचा वर्ग सुरू झाला तेव्हा मागची बाकं जांभया देत होती आणि मावशी तर उंबऱ्याबाहेरच. तो त्यांना बोलवायला गेला.

"या वयात माझा पोपट करताय होय?"

"पोपट कशाला, मास्तरीण व्हा. तुम्ही शिकलात की पुढच्यांना तुम्हीच शिकवायचं."

"म्हणजे मी बोलणार आणि ही सगळी गप्प ऐकणार?"

"ऐकतील की."

"मग येते."

आणि मावशी झपाटल्या. घरी भांडी घासतानाही तालीम चाले. सून हसून म्हणे, "सासूबाई, मॅडमचं भाषण झालं असेल तर पातेलं विसळा."

पाहुणे आले त्या दिवशी मालकांनी कपाटातून मखमलीत गुंडाळलेला नळ काढला. हा पाहुण्यांचा नळ. कारखाना सुरू झाल्यापासून प्रत्येक बड्या माणसाला हाच दाखवायचा, अशी रीत होती. आरशासारखा लखलखीत. मिरवायच्या नळाची तपासणी करायची असते, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मावशींनी तो बसवला आणि पाठ केलेली इंग्रजी वाक्यं खणखणीत म्हटली. पाणी सोडलं. बंद केलं.

टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्.

मालकांचा चेहरा उतरला. फडकं घेऊन फोरमन पुढे झाला, तोच मावशींनी मान न वळवता हात वर केला. तो जागीच थांबला.

"हा नळ खराब आहे," त्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या. "का, ते दाखवते."

हे वाक्य वर्गात कुणी शिकवलेलं नव्हतं. सुटे शब्द वेचून ते त्यांनी तिथेच जोडलं होतं, नळ जोडावा तसं. पान्ह्यानं नळ उघडून त्यांनी वाळून भेगाळलेला वायसर पाहुण्याच्या तळहातावर ठेवला. मग दिवसभराच्या ताज्या मालाकडे बोट केलं. "तुम्हीच निवडा."

पाहुण्यानं ढिगातून एक नळ उचलला. मावशींनी तो बसवला, पाणी सोडलं, बंद केलं. परदेशी पाहुणे वाकले आणि मावशींसारखेच कान लावून उभे राहिले. कुठे टिपूस नाही. आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेलेल्या फोरमनच्या अंगावर त्या शांततेनं काटा आला. कालपर्यंत मान खाली घालून बसणारी हीच का ती बाई, हे त्याला उमजेना.

एका पाहुण्यानं काहीतरी विचारलं. "पुन्हा सांगा," मावशी म्हणाल्या. त्यानं पुन्हा विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. फोरमनला ना प्रश्न कळला, ना उत्तर.

पाहुणे पहिली मागणी नोंदवून गेले. बाहेरच्या माणसांचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग मावशींचा होता आणि गच्च भरला होता. इतके दिवस वर्गाला बगल देणारा फोरमन हळूच मागून शिरला. फळ्याकडे तोंड असलेल्या मावशींचा हात वर गेला.

"फोरमन, पुढे या. मागे जांभया येतात."

तो गुपचूप पुढच्या बाकावर जाऊन बसला.