तिन्हीसांजेला झोपणारा सरडा

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये शिस्तीत जगणारा एकच जीव आहे, माझा सरडा. साधासुधा नव्हे, परदेशी कॅमेलिऑन, रीतसर नोंदणी केलेला. हॉलच्या कोपऱ्यात त्याचा उंच जाळीचा पिंजरा, आत कुंडीतलं खरं झाड, वर एक गरम बल्ब आणि एक उन्हासारखे किरण देणारी ट्यूब. दोन्ही दिवे टायमरवर. उजाडलं की लागतात, मावळलं की आपोआप बंद होतात. रात्री त्याला मिट्ट काळोख लागतो. उजेडाला जराशी फट राहिली तरी महाराज जागे.

नवरा फिरतीच्या नोकरीत. महिन्यातून आठ-दहा दिवस घरी असतो आणि तेवढ्यात मला चिडवून घेतो. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, तुझ्या याची जाळीपर्यंतसुद्धा नाही." खरंच आहे ते. दिवसभरात चार फांद्या चढला तरी त्याला पराक्रम वाटतो.

माझं माहेर सायखेड्याचं. तिकडून काका मेथीच्या जुड्या घेऊन आले तेव्हा पिंजऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "हे पाळलं का तू? आमच्या बांधावर लय हायेत. फुकट ने." म्हटलं, काका, बांधावरचा घरात आणला तर वनखात्याची माणसं मलाच पिंजऱ्यात घालतील. ते काही त्यांना पटलं नाही. जाताना "शिकल्यासवरल्या पोरी," एवढंच पुटपुटले.

सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "प्राणी पाळून काय उजेड पाडणार आहेस?" त्यानंतर त्या पिंजऱ्याजवळ फिरकल्या नाहीत. म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं. बोलताना त्याला 'तुझं ते' म्हणायच्या. 'तुझं ते हललं', 'तुझं ते बघतंय माझ्याकडे'. मीही म्हटलं, चला, निदान ढवळाढवळ तरी नाही.

मग मला सिन्नरच्या कंपनीत दुसरी पाळी लागली. दुपारी निघायचं, रात्री सगळे झोपल्यावर परतायचं. पाळी सुरू होऊन काही आठवडे झाले आणि सरड्याचं बिनसलं. भर दिवसा डोळे मिटून बसायला लागला. रंग शेवाळल्यासारखा मळकट. रातकिडा समोर नाचवला तरी जीभ बाहेर येईना. या जातीचा सरडा दिवसा डोळे मिटून बसला की समजायचं, काहीतरी फार वाईट चाललंय. माझा जीव टांगणीला लागला.

डॉक्टरांनी त्याला उलटसुलट करून तपासलं आणि विचारलं, "याला रात्री पुरेसा अंधार मिळतो ना?"

मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "टायमर आहे, डॉक्टर."

"मग टायमर बघा. हा झोपेविना दमलाय. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाही."

टायमर ठणठणीत होता. मी दोनदा तपासला. रात्री परतल्यावर बघावं तर पिंजऱ्यात काळोख. मग याची झोप जाते कुठे? मला काही सुधरेना.

त्याच आठवड्यात कंपनीत वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दार सताड उघडं, देवापाशी निरांजन, घरातले झाडून सगळे दिवे लावलेले. आणि सासूबाई पिंजऱ्यापाशी वाकून, टायमरमधली पिन काढून शेजारच्या सॉकेटमध्ये खुपसत होत्या. दिवे लख्ख पेटले. मग त्यांनी बोटाने जाळीवर टकटक केली. "ऊठ रे बाळा, ऊठ. तिन्हीसांजेला असं झोपू नये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! अहो, मारताय त्याला तुम्ही."

त्या दचकल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज मावळतीला दिवे गेले की त्या पुन्हा लावायच्या, त्याला उठवायच्या, आणि दहाला झोपायला जाताना पिन जागच्या जागी. घरात तिन्हीसांजेला अंधार नको आणि झोपलेलं कुणी नको, हे आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांनाच सांगतात. पण सरड्याला? मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तशा त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मला वाटलं, त्याच्या भल्याचंच करतेय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मावळतीला टायमरने दिवे घालवले. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला आणि हॉलमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या. सरडा फांदीला शेपटीचा वेढा घालून आक्रसला. झोप लागली तसा त्याचा रंग उतरत गेला.

"अगं, फिकट पडला बघ."

"झोपला की असाच होतो, आई."

"उठेल ना?"

"सकाळी दिवे लागले की उठेल."

त्यांची नजर फांदीवरून हलेना. सासरे झोपेत गेले, एवढंच मला ठाऊक होतं. ते माझ्या लग्नाच्या आधीचं.

"तुझे सासरे असेच तिन्हीसांजेला आडवे झाले होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, दमलेत, झोपू दे. उठवलं नाही मी."

मी त्यांचा हात धरून बसले.

पहाटे मी बाहेर आले तर त्या आधीच पिंजऱ्यापुढे खुर्ची टाकून बसलेल्या. केस विंचरलेले नाहीत, चहा नाही. मीही शेजारी उभी राहिले. टायमर टकटकला, दिवे लागले. बराच वेळ काहीच झालं नाही. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. मग त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. दोन्ही डोळे दोन दिशांना गरगर फिरले, आणि मिटले नाहीत.

"उठला गं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागल्या.