पाय धुवायला पाणी

शेजारचा पोरगा सैन्यात गेला तो जखमा बांधायला. सुट्टीवर आला की गाव त्याला 'डॉक्टर' म्हणे, आणि तो चिडे. "मी डॉक्टर न्हाई, काका. डॉक्टर येईस्तोवर माणूस टिकवायचा, एवढंच आपलं काम." एकदा माझा पाय मुरगळला तेव्हा त्यानं पट्टी इतकी सुबक बांधली, की सूज उतरल्यावरही ती सोडवेना.

सीमेवर लढाई पेटली. एका जवानाचा फुटलेला पाय बांधत असताना जवळच गोळा पडला. जवान वाचला, हा गेला.

काही महिन्यांनी त्या जवानाचा फोन आला. वहिनींना, म्हणजे पोराच्या आईला, हिंदी कळते पण बोलता येत नाही. म्हणून फोन माझ्या हाती. त्यांचा प्रश्न एकच. "भाऊजी, पाय कसा हाय इचारा."

"बिलकुल बराबर है, माँ जी," पलीकडून उत्तर आलं.

तेव्हापासून वहिनी त्या पायाच्या आधारानं जगू लागल्या. पोराच्या हातचं शेवटचं काम नीट झालं होतं.

वर्षानं गावात कार्यक्रम ठरला, जवानाला बोलावणं गेलं. फलकावर पोराच्या हातात कुणाची तरी बंदूक चिकटवली होती, आणि त्याच्याहून मोठे चेहरे पुढाऱ्यांचे होते. वहिनींना फक्त तो पाय बघायचा होता.

"पावण्याला प्यांट वर कर म्हणता येतं का? पण घरी आल्यावर पाय धुवायला पाणी देईन. मंग आपसूकच दिसंल."

अख्ख्या आयोजनात डोकं चालवून केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

जालना स्टेशनावरून गाडीनं आणलेल्या जवानाला दुपारभर स्टेजवर बसवलं. शाल, नारळ, फेटा. पोरानं शत्रूची ठाणी कशी उडवली, हे एका वक्त्यानं हातवारे करून सांगितलं. जवान मान खाली घालून ऐकत होता. समोरच्या सोफ्यावरून वहिनी त्याच्या बुटांकडे बघत होत्या.

संध्याकाळी तो चहाला आला. दारात वहिनी तांब्या घेऊन उभ्या. तो थबकला, मग पायरीवर बसला. उजवा बूट काढला, मोजा काढला, पँट दुमडली. वहिनींनी पाणी घातलं. डाव्या बुटाला त्यानं हात लावला नाही.

"काढा की साहेब, लाजता काय!" मागून एक कार्यकर्ता म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"माँ जी..." जवान म्हणाला.

वहिनींनी वाकून त्याच्या डाव्या नडगीवर पँटीवरूनच हात ठेवला. आत प्लास्टिकचा पाय होता. हात बराच वेळ तिथंच राहिला. मग तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी सावकाश उजव्या पायावर ओतलं.

त्या घरात तलाठीसुद्धा कधी पायताण घालून आत गेला नव्हता.

"राहू दे बूट," वहिनी म्हणाल्या. "तसाच आत ये, बाळा. चहा थंड होऊन राह्यला."

गाडी गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. डॉक्टर येईस्तोवर माणूस टिकवायचा, तेवढंच त्याचं काम होतं आणि ते त्यानं चोख केलं, असं काहीतरी म्हणालो. स्टेजवर हे कुणी बोललं नव्हतं.

वहिनी कप विसळत होत्या.

"माहीत हाय मला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण पाय बी वाचला असता, तर बरं झालं असतं."