आधी वजन कमी करा

दारव्ह्याच्या ज्या दवाखान्यात आम्ही जायचो, तिथला वजनकाटा बाहेर, बाकड्यांसमोर ठेवलेला असे. पेशंट वर चढला की कंपाउंडर तिथूनच आकडा ओरडायचा आणि आत बसलेले डॉक्टर तो चिठ्ठीवर लिहायचे. बाजाराच्या दिवशी तर अख्खा हॉल भरलेला. कापसाचं वजनसुद्धा याहून हळू आवाजात सांगतात हो.

माझी मोठी बहीण शुगरची पेशंट. ती चढली की "नव्वद!" अशी आरोळी उठायची. आत गेल्यावर डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "आधी वजन कमी करा, बाई. तोंडावर ताबा ठेवा."

"मी गोड खातच नाई, डॉक्टरसाहेब."

"मग काय हवा खाऊन वजन वाढते?"

दार उघडंच असायचं. बाहेरचे हसायचे. मी शेजारी मूग गिळून उभी राहायचे, त्याचा मला आजही राग येतो.

खाणं कमी करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ताईला कमी खाण्याची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे उपवास. सोमवार आणि चतुर्थी होतीच, त्यात तिने गुरुवार आणि शनिवार जोडले. उपवास म्हणजे सकाळी दाण्याचा कूट घालून ताटभर साबुदाण्याची उसळ, दुपारी केळी, संध्याकाळी उकडलेले बटाटे. शुगर चढत होती, ताई वाळत होती, आणि आम्ही घरचे म्हणत होतो, काय निग्रह आहे बाईचा!

मग चपलेच्या पट्ट्याने तिच्या पायाला फोड आला. तिने हळद लावून चिंधी बांधली आणि वर मोजे चढवले. भर उन्हाळ्यात मोजे! एका रविवारी तिच्या घरी गेले, तर खोलीत वास येत होता. मी मोजा ओढून काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

"डॉक्टरले काहून नाई दाखवलं?" मी ओरडलेच.

"फोड दाखवाले गेली तरी आधी काट्यावरच चढवते ना तो," ती म्हणाली. "लोक हासते मंग."

यवतमाळला नेलं. दोन्ही बोटं कापावी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी पडदा ओढून तिच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसल्या. वजनाबद्दल बोललं तर चालेल का, असं त्यांनी आधी विचारलं, मग दिवसभर काय काय खाता ते विचारलं. उपवासाचं ऐकून त्या रागावल्या नाहीत. साबुदाण्याने शुगर कशी चढते ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. दारव्ह्याच्या दवाखान्यातल्या तीन वर्षांत ही दहा मिनिटं आमच्या वाट्याला आली नव्हती!

घरी आल्यावर ड्रेसिंगसाठी मात्र जवळचा म्हणून तोच दवाखाना. ताई लंगडत काट्यावर चढली. कंपाउंडर ओरडला, "ब्याऐंशी!"

आत डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "वा, बाई! पाहा, मनावर घेतलं की होते की नाही?"

माझं डोकंच सणकलं. "दोन बोटं कापली तिची," मी म्हणाले. "तीही धरलीत का या हिशेबात? वजनाचं जरूर बोला, पण दार लावून बोला. ती काय खाते, ते एकदा तरी विचारा!"

"मॅडम, मी भल्यासाठीच सांगतो," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

रिक्षात बसल्यावर ताईने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "कायले बोलली व तू त्याईले? आज पहिल्यांदा चांगलं बोलले होते ते माह्याशी."