रिकामा खिळा

अख्ख्या दवाखान्यात माझ्यावर हुकूम सोडावा आणि मी तो ऐकावा असं एकच माणूस होतं, आमची एक्सरेवाली बाई. "आबा, दम धरा. हालू नका." झालं काम. मूळची धडगावकडची, घरी पावरी बोलणारी. पण आम्हा रनाळेकरांशी अहिराणी अशी बोलायची की आमच्या सुनांनी शिकावं.

तिच्या खोलीत काचेत तिचं सर्टिफिकेट होतं आणि शेजारी एक रिकामा खिळा. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. म्हणालो, "कागद टांगीसन कोनी शहानं व्हस का?"

"नही व्हस. पन कागद नही ते या मशीनले हात लावाना नही."

रिकामा खिळा सीटी स्कॅनच्या परीक्षेच्या कागदासाठी होता, तिचा अभ्यास चालू होता. कोणी सोनोग्राफी करून दे म्हटलं तर हात जोडायची, "सोनोग्राफीनं शिक्षण न्यारं शे." आणि फोटोत काय निघालं ते मेली तरी सांगायची नाही. "काढनं मन्हं काम, वाचनं डॉक्टरनं."

खोकला हटेना म्हणून माझ्या छातीचा फोटो काढला. त्यात पांढरा गोल डाग. डॉक्टर म्हणाले, सुरतला नेऊन सीटी करा. माझ्या पोराचं तोंडच उतरलं. तो गाडी ठरवायला उठला.

बाईने मला विचारलं, "आबा, ताईत काढेल व्हता ना?"

"एकदाव सांगं ना, काढेल व्हता!" मी खेकसलो.

काढला नव्हता. आईने बांधलेला चांदीचा गोल ताईत, जन्मात उतरवला नाही. फोटो पुढून निघतो, म्हणून मी तो पाठीवर सारला होता.

ती डॉक्टरांना म्हणाली, "सर, डाग फारच गोल आहे. परत काढते." मग माझ्या मागे आली, मानेवरचा दोरा चिमटीत धरला. हसली नाही.

"आबा, मन्हा मशीनले पाठ नि पोट एकच शे."

दोरा मी स्वतः काढला, तिला हात लावू दिला नाही. तिने रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. "आठे मन्हा दुसरा कागद येई. तोवर तुमना ताईत."

फोटो झाल्यावर मी विचारलं, "गया का डाग?"

"डॉक्टरले इचारा."

गेला होता. गाडी परत पाठवली.

पुढे ती परीक्षा पास झाली आणि नाशिकला सीटीवर गेली. जाताना काचेतला कागद नेला, खिळे राहिले.

आता नवा माणूस आहे. त्याने सांगायच्या आत माझा ताईत त्या खिळ्यावर असतो, आणि तो तोंड उघडायच्या आत मी दम धरलेला असतो.