बाप जिवंत असताना

“मेथीच्या जुड्या बांधासाठी नाही बनले माहे हात,” असं धीरज एकदा म्हणाला होता. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि एकांकिका स्पर्धेतली अभिनयाची ढाल घेऊन वाशिमहून रिठदला परतला होता. त्याचे वडील मारोतराव मळ्यात जुड्याच बांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मंग ठेव,” एवढंच म्हणाले.

आता धीरज चाळिशी ओलांडून गेला आहे. पहाटे उठून तो त्याच जुड्या बांधतो आणि मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पोती लटकवून रिसोडला भाजीच्या लिलावात, हर्रासीला नेतो. मध्ये काही महिने तो पुण्यात होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणतो, “तिथलं पानी जड होतं.” परत आल्यावर लग्न झालं. योगिनी घरात आली, मुली झाल्या. ढाल कपाटावर आहे, तिच्यामागे योगिनी वीजबिलं खोचून ठेवते.

आम्ही मित्र मात्र त्याला सोडत नव्हतो. भेटलो की कुणीतरी म्हणायचंच, “तू पुन्यात थांबला असता तर आज...” ते वाक्य कधी पुरं झालं नाही. धीरजला अर्धंच पुरायचं. त्या अर्ध्या वाक्यावर तो बरीच वर्षं जगला असावा.

सिनेमा काढायचं विकासच्या डोक्यातून निघालं. विकास वाशिमला सरकारी कचेरीत आहे. रक्तदाबाची गोळी खिशात ठेवतो आणि अजून कथा लिहितो. शहरातला मुलगा बाप वारल्यावर गावी येतो आणि त्याला रडू येत नाही, एवढीच त्याची गोष्ट. कॅमेरा गोविंदसिंगचा. तो मानोऱ्याकडचा, लग्नाचं शूटिंग करतो आणि पोहरादेवीच्या यात्रेत त्याला जेवायला सवड नसते.

“लग्नसराई लागाच्या आत उरका,” त्याने पहिल्याच रविवारी बजावलं. “मंग मी नवरदेवाचा. तुमचा नाही.”

मुलाचं काम धीरजचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. विकासने मुंडण केलेल्या डोक्यासाठी रबराची टोपी मागवली होती. धीरजने ती बोटाने ताणून पाहिली आणि परत दिली.

“टोपी नाही. खरंच करू.”

“अबे, मिशी बी काढा लागन.”

“काढतो. एकडाव तरी पुरं काम करू दे मले. मंग समजन तरी, होतं का नव्हतं.”

काय होतं का नव्हतं, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे बाप असेपर्यंत पोरगा मिशीला वस्तरा लावत नाही. कुणाची मिशी गेलेली दिसली की लोक रस्त्यात थांबून गळ्यात पडतात. धीरजला हे आमच्याइतकंच ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत असं काही आलं होतं, की आम्ही त्याला अडवलं नाही. खरं तर आम्हाला बरंच वाटलं. आमच्यापैकी एकात तरी ते उरलेलं होतं.

मधल्या रविवारी फाट्यावरचा प्रसंग होता. मुलगा एसटीतून उतरतो आणि समोर बापाच्या श्रद्धांजलीचं फ्लेक्स दिसतं. फोटो पाहिजे होता. चेहरा जुळावा म्हणून धीरजने मारोतरावांचाच दिला. गोविंदसिंगने तो वाशिमच्या फ्लेक्सवाल्याला मोबाईलवर पाठवला, खाली ‘मारोतराव काका’ असं लिहून. फ्लेक्सवाला रोज अशी चार माणसं छापतो. त्याने सवयीने नावाआधी ‘कै.’ लावलं, खाली ‘शोकाकुल समस्त गावकरी’ टाकलं आणि दोन कोपऱ्यांत दोन दिवे काढले.

“नाव बदलाचं राह्यलं,” विकास म्हणाला.

“लांबून घेतो ना. नाव दिसतच नाही,” गोविंदसिंग म्हणाला.

संध्याकाळपर्यंत एसटीतून उतरून उतरून धीरजचे गुडघे भरून आले. विकासचं डोकं दुखत होतं. उजेड गेल्यावर जो तो गाडीला किक मारून निघाला. फ्लेक्स उतरवायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

सकाळी मारोतराव मळ्यात वांगी तोडत होते आणि घरासमोर माणसं जमत होती. योगिनी दारात उभी राहून एकेकाला सांगत होती, “नाही हो, ते वावरात हायेत,” आणि लोक तिच्याकडे दयेने पाहत होते. दुःखाने सून भ्रमली असं त्यांना वाटलं असेल. इंझोरीहून वर्षाराणी, धीरजची मोठी बहीण, ऑटो करून आली आणि वेशीपासूनच तिने हंबरडा फोडला. तेवढ्यात मारोतराव डोक्यावर वांग्याचं टोपलं घेऊन गल्लीत शिरले.

“काय झालं वं? कोन गेलं?”

वर्षाराणी मटकन खाली बसली. मग उठली, बापाला चाचपून पाहिलं, आणि धीरजकडे वळली. “मेल्या, जित्या बापाचा बोर्ड लावतं? दुसऱ्या कोनाचा बाप नाही भेटला तुले?”

मारोतराव मात्र हसले. हातपाय धुऊन त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली आणि आपल्याच दुखवट्याला आलेल्या माणसांना चहा पाजत बसले. “बसा. आले तर बसा थोडं. मंग काय, मी ऐकाले रायनार नाही.” लोकही हसले. दुपारपर्यंत ओसरी भरलेली होती. धीरज फाट्यावर जाऊन फ्लेक्स गुंडाळून घेऊन आला. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. शेवटी बैलाच्या गोठ्यात, आढ्याला टांगलं.

दिवस कलल्यावर मारोतरावांनी त्याला जवळ बोलावलं.

“कोन कोन आलतं रे?”

धीरजने आठवतील ती नावं सांगितली.

“तुहा काका?”

“नाही.”

“फाट्यावरूनच जाते तो रोज. बोर्ड पाह्यला असन त्यानं.”

काका म्हणजे मारोतरावांचा सख्खा भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून बोलणं तुटलं त्याला आता बरीच वर्षं झाली.

“असो,” मारोतराव म्हणाले. “काम असन काही.” मग त्यांनी विचारलं, “गोविंदसिंग म्हने, टक्कल करा लागते तुले. मिशी बी.”

“तुमाले नसन पटत तर नाही करत.”

“मले काय होते? कर. मी काय त्यानं मरत नाही.” हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. ते आत गेले, आणि पलंगाची कुरकुर ऐकू आली, म्हणजे इतक्या लवकर ते आडवेही झाले होते.

पुढच्या रविवारी शेवटचा प्रसंग. विकासला तो नदीवर हवा होता. पण आमच्या गावात वस्तरा चालवणारे पुंजाजी अडून बसले. “ज्याचा बाप हाय त्याची मी नदीवर करत नसतो. दुकानात या, पायजे तसं करून देतो.” म्हणून पत्र्याच्या त्या दुकानात आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो. गोविंदसिंग कॅमेरा घेऊन कोपऱ्यात अंग चोरून होता. मागच्या बाकावर मारोतराव बसले होते. त्यांची दाढी रविवारचीच. नंबर लावून ते पेपर वाचत होते.

“चालू,” विकास म्हणाला.

पुंजाजींनी धीरजच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि डोक्यावर पाणी मारलं. केस कपाळाला चिकटले. आरशातला तो चेहरा आम्ही कॉलेजात रंगमंचावर पाहिला होता, तोच होता. फक्त त्यावर खूप ऊन पडून गेलं होतं. धीरज आरशात पाहत होता. विकासने कथेत लिहिलं होतं तसंच, त्याला रडू येत नव्हतं. काम उत्तम चाललं होतं. गोविंदसिंगने अंगठा वर केला.

पुंजाजींनी वस्तऱ्याला नवं पातं लावलं. डोक्याला हात घालण्याआधी ते थांबले. कोण गेलं त्यावर मिशीचं ठरतं, म्हणून ते प्रत्येकाला विचारतात. त्यांनी धीरजलाही विचारलं.

“मिशी?”

कथेत इथे मुलगा ‘काढा’ म्हणतो. धीरजचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुंजाजी वस्तरा धरून थांबून राहिले. विकासने हाताने खुणावलं, बोल, बोल.

मारोतरावांनी पेपर खाली केला. त्यांना वाटलं, पोरगा शब्द विसरला.

“काढ बापा, पुंजाजी,” मागून ते मदतीला आले. “बाप गेल्यावर ठेवत नसतात.”

आरशात आता दोघेही दिसत होते. पुढे ओल्या डोक्याचा धीरज, आणि त्याच्या खांद्यावरून मान उंच करून पाहणारे, आपण बरोबर बोललो ना असा चेहरा केलेले मारोतराव. गोविंदसिंगने कॅमेरा बंद केला नव्हता. पुंजाजींनी दोन बोटांनी धीरजचं नाक वर उचललं आणि वस्तरा मिशीजवळ आणला.

धीरजने त्यांचा हात हळूच बाजूला केला. गळ्याचं कापड सोडलं, घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं. विकास “अबे धीरज” म्हणाला. ओल्या केसांचं पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. त्याने आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही. बाकाशी वाट अरुंद होती, मारोतरावांनी पाय आत घेतले, आणि तो दुकानाबाहेर गेला.