वाटाण्यांचा तास

“वाटाणा दारातच थांबतो, आत जाते ती बातमी!” असं म्हणत आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम मूठभर सुके वाटाणे वर्गात उधळायच्या. अंबरनाथच्या त्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे. भिंतीपलीकडून टपटप ऐकू आली की समजायचं, आज मेंदूचा धडा.

दोन बाकांमध्ये फट ठेवलेली. अलीकडची मुलं एक पेशी, पलीकडची दुसरी, आणि वाटाणे म्हणजे फट ओलांडून निरोप नेणारं रसायन. ज्याच्या ओंजळीत वाटाणा पडेल त्यानं मागच्या दोघांना टपली मारायची, त्यांनी आणखी चौघांना, आणि शेवटच्यानं पंखा लावायचा. टपल्या जरा जास्तच मनापासून बसत.

पालेगावची एक पोरगी कुरकुरली, “मॅडम, मना काय भेटलाच नाय.”

“मग तुझ्या पेशीला आज सुट्टी.”

तास संपता संपता सांडलेले वाटाणे गोळा करायला लावायच्या. “पडून राहिले तर ती पेशी दिवसभर तीच हाक ऐकत बसेल!” कॅम्प दोनच्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या त्या वाटाण्यांची पुढे उसळ होते, असा आमचा संशय होता. तुमच्याही ओळखीत असं एखादं काटकसरी विद्वान माणूस असेलच.

मग मॅडमना कंपवात झाला. त्यांनी वर्गातच सांगून टाकलं, “हालचालीचा निरोप नेणारे वाटाणे माझ्या मेंदूत कमी पडायला लागलेत.”

लेक म्हणे, राजीनामा दे. प्राचार्यही आडून आडून सुचवत. मॅडमना मात्र निवृत्तीपर्यंत स्वतःच्या पायांनी वर्गात जायचं होतं. “खुर्चीत बसवून नेऊ नका गं मला,” एवढंच त्या म्हणाल्या.

पण दाराशी आल्या की त्यांचे पाय जमिनीला खिळत. डॉक्टरांनी युक्ती सांगितली: पुढ्यात ओलांडायला काही असलं की पाऊल उचललं जातं. तेव्हापासून मी दारात माझा पाय आडवा धरू लागले.

“अगं, माणसाचा पाय ओलांडू नये. वाढ खुंटते.”

“मॅडम, मी पन्नाशीची. आता वाढले तर रुंदीतच वाढेन.”

हसायच्या आणि ओलांडायच्या. निवृत्तीपर्यंत हे असंच चाललं.

आता मॅडम नाहीत. पण त्यांचा कॉलेजातला शेवटचा दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निरोप समारंभानंतर दार ओलांडताना त्यांचा अंगठा माझ्या पावलाला लागला. त्या थांबल्या. चौकट धरून कष्टानं वाकल्या, थरथरता हात माझ्या पावलाला लावला आणि कपाळाला नेला.

“अहो मॅडम, काय हे!” मी ओरडलेच.

“पाय लागला ना गं,” त्या म्हणाल्या, आणि कुणाचाही हात न धरता फाटकापर्यंत चालत गेल्या.