चिंधाची भिंत

सिल्वासाच्या आमली भागात पत्ता विचारलात तर कुणी गल्लीचं नाव सांगत नाही. 'निळ्या म्हशीपासून आत', 'बगळ्याच्या समोर' असं सांगतात. म्हैसही भिंतीवरची आणि बगळाही, आणि दोन्ही काढले माझ्या खोलीतल्या माणसाने. त्याचं नाव चिंधा. मी वाल्मिक. आम्ही साक्रीकडच्या एकाच गावचे. सिल्वासात एकाच खोलीत राहतो आणि लोखंडी कपाटांच्या एकाच कारखान्यात राबतो. कपाटांवर फवाऱ्याने रंग मारायचं काम त्याचं. आठवडाभर करडा रंग मारून दुसरा माणूस रंगाचं नाव काढणार नाही. हा पठ्ठ्या रविवारी स्वतःच्या पैशांनी डबे घेऊन भिंती शोधत फिरतो. खानवेलच्या वाटेवरच्या त्याच्या मोरापाशी बसवाला गाडी हळू करतो. मी डोळ्यांनी पाहिलंय, उगाच फुशारकी मारत नाही.

एकच गोष्ट मला खटकायची. प्रत्येक चित्राखाली सही असायची 'विकी'.

चिंधाच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. म्हणून हा झाला तेव्हा आईने त्याला फाटक्या लुगड्यात गुंडाळलं आणि चिंधा म्हटलं. असल्या टाकाऊ नावाकडे मरण ढुंकून बघत नाही, अशी आमच्याकडची समजूत. मरणाने नाही बघितलं, पण कारखान्यातली पोरं पहिल्याच दिवशी खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून हा विकी झाला. मी कितीदा डोकं फोडलं त्याच्यापुढे! ऐकेल तर शपथ.

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र हार्डवेअरवाल्या जयंतीभाईंच्या भिंतीवर आहे. एक बाई दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा पसरवतेय, शेजारी चुलीवर पालथं खापर. इथल्या लोकांना आधी तो मोठा रुमालच वाटला. आम्हा खानदेशवाल्यांच्या मात्र तोंडाला पाणी सुटलं.

दिवाळीनंतर त्याची आई केसरबाई आमच्याकडे राहायला आली. लेक रंगाचं काम करतो एवढंच तिला माहीत. एके दिवशी भाजी आणायला गेली ती तणतणत परतली.

"वाल्मिक, हाऊ विकी कोन शे रे? त्यानी मना हात कोठे देखा?"

तिने बाही वर सारली. मनगटाच्या वर गोंदलेला विंचू, त्याला एक पाय कमी. लहानपणी गोंदताना ती हात सोडवून पळाली होती. भिंतीवरच्या बाईच्या हातावरही तोच लंगडा विंचू होता.

"दुकानवाला म्हने विकीभाईनं काम शे." तिचा राग एकाएकी विरला. "ज्या मायना हाऊ पोऱ्या शे, तिना पांग फिटी गयात रे!"

चिंधा ताटात मान घालून बसलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती माय तूच आहेस काकू! हा बघ तुझा विकी, भाकरी चिवडत बसलाय."

केसरबाईने त्याच्यापुढचं ताट बाजूला सारलं. त्याने नावाला हसणाऱ्यांचं कसंबसं सांगितलं. मला वाटलं, आता ही रडणार. ती त्याच्याजवळ सरकली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुले नाव नही ठेवं रे बाप, तुले मरनपाईन लपाडं. आते वाचना ना तू? मंग आते कोनले लपस?"

पुढच्या रविवारी चिंधा शिडी घेऊन निघाला. 'विकी'वर त्याने गेरू फिरवला आणि मांड्याच्या खाली, मांड्याएवढ्याच रुंद अक्षरांत लिहिलं 'चिंधा'. चहाला जमलेल्या कारखान्यातल्या पोरांपैकी एकाने विचारलं, "ये चिंधा कौन है?"

"मैं," तो शिडीवरूनच म्हणाला. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी होतोच खाली. माझी छाती त्या दिवशी अशी फुगली होती, जणू चित्र मीच काढलंय.

केसरबाईला अक्षरओळख नाही. म्हणून रोज कोथिंबिरीचं निमित्त काढून ती त्या भिंतीपाशी थांबते आणि परक्या बाईसारखी विचारते, "भाऊ, हाई चित्र कोनी काढं?"

जयंतीभाईंना ती कोण हे केव्हाच कळलंय. तरी हातातलं गिऱ्हाईक थांबवून ते दर वेळी सांगतात, "चिंधाभाईनुं काम छे, माजी."

ती मान डोलावते आणि घरी येते. कोथिंबीर बहुतेक वेळा आणायची राहूनच जाते.